हैदराबाद कंटिन्जंट आणि मराठवाडा : एका परकीय फौजेची किंमत (१७९८-१९०३)

प्रस्तावना :
मराठवाड्याच्या आधुनिक इतिहासाचे लेखन प्रामुख्याने १९३८ चा सत्याग्रह, रझाकारांचे अत्याचार व १७ सप्टेंबर १९४८ या घटनांभोवती झालेले आहे. त्या मानाने इंग्रजी फौजेने निजाम राज्यावर टाकलेल्या भाराची चर्चा कमी झाली. ही किंमत रणांगणापेक्षा महसुलाच्या मार्गाने आणि मुख्यतः रयतेने मोजली, हे प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे.

फौजेची उभारणी :
१ सप्टेंबर १७९८ च्या तहाने निजामाने सहा पलटणींची तैनाती फौज स्वीकारली व तिच्यासाठी वार्षिक २४,१७,१०० रुपये देण्याचे मान्य केले. १२ ऑक्टोबर १८०० च्या तहाने म्हैसूरकडून मिळालेला बेळ्ळारी-कडप्पाकडील मुलूख या खर्चापोटी कंपनीस कायमचा दिला. म्हणजे तैनाती फौजेचे मोल येथेच चुकते झाले होते. तथापि याच तहाच्या बाराव्या कलमानुसार युद्धप्रसंगी ६,००० पायदळ व ९,००० घोडदळ पुरविण्याचे बंधन निजामावर आले. या कलमाचा आधार घेऊन रेसिडेंट हेन्री रसेल (१८११-१८२०) याने पेशकार चंदूलाल यांच्या साहाय्याने इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील दुसरी फौज उभी केली. तीच पुढे 'हैदराबाद कंटिन्जंट' म्हणून ओळखली गेली. १८१८ मध्ये पेशवाई संपली, युद्ध संपले. फौज मात्र राहिली. हिंगोली, मोमिनाबाद (अंबाजोगाई) व औरंगाबाद येथे तिच्या छावण्या होत्या.

रयतेवरील भार :
जानेवारी १८१९ मध्ये मेजर पिटमनच्या नेतृत्वाखाली या फौजेने हटकर नाईक नौसाजी यांच्या नव्हा (हदगाव परिसर) येथील गढीस वेढा घातला. गढी पडली तेव्हा आतील बहुतेक शिबंदी मारली गेली. हा संहार डोळ्यांना दिसणारा होता. फौजेच्या पगारासाठी होणारी वसुली तशी दिसत नव्हती.

पगार भागविण्यासाठी चंदूलाल यांनी विल्यम पामर आणि कंपनी या सावकारी पेढीकडून सुमारे २५ टक्के व्याजाने कर्ज काढले. तालुके अधिक बोली लावणाऱ्या मक्तेदारांना दिले जाऊ लागले. मक्तेदाराची मुदत अनिश्चित, म्हणून त्याची वसुली निर्दय. पामरचे देणे फेडण्यासाठी १८२३ मध्ये उत्तर सरकार प्रांताच्या वार्षिक सात लाखांच्या पेशकशीवरील हक्कही निजामाला सोडावा लागला. पुढे पगार रेसिडेन्सीच्या खजिन्यातून दिला जाऊ लागला आणि सावकाराच्या जागी खुद्द कंपनी आली.

कंटिन्जंटमुळे अरब, रोहिले व दरोडेखोर यांचा बंदोबस्त झाला, असा युक्तिवाद केला जातो. तो सर्वस्वी खोटा नाही. परंतु त्या अशांततेला मक्तेदारीनेच खतपाणी घातले होते, हे विसरता येत नाही.

कर्जापोटी प्रदेश :
शांततेच्या काळात ही फौज ठेवण्यास १८०० च्या तहाचा आधार नाही, हे लॉर्ड डलहौसीनेही मान्य केले होते. तरीही २१ मे १८५३ च्या तहाने थकबाकी व पुढील खर्चापोटी वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब इंग्रजांकडे गेले. पैनगंगेच्या उत्तर तीरावर इंग्रजी अंमल आला व दक्षिणेकडील किनवट-माहूर निजामाकडे राहिले. एकाच खोऱ्यातील मराठी, गोंड व बंजारा समाज दोन राजवटींत विभागला गेला. १८५८ मध्ये हीच फौज ह्यू रोजबरोबर झाशी व काल्पीच्या लढाईत होती. ज्या रयतेच्या महसुलावर ती पोसली गेली, तिचा त्या युद्धाशी काहीही संबंध नव्हता.

१८६० मध्ये धाराशिव व रायचूर परत मिळाले, पन्नास लाखांचे कर्ज रद्द झाले; वऱ्हाड मात्र परत आले नाही. सालारजंगांचे प्रयत्न निष्फळ ठरले. १९०२ मध्ये कर्झनने वऱ्हाड वार्षिक २५ लाखांच्या कायम पट्ट्यावर घेतले आणि १९०३ मध्ये कंटिन्जंट भारतीय सैन्यात विलीन झाली.

समारोप :
फौज गेली तरी तिच्यासाठी घेतलेला प्रदेश इंग्रजांकडेच राहिला. कंटिन्जंटच्या इतिहासात पलटणींची नावे, लढाया व पदके यांची नोंद आहे; मक्त्यापायी गाव सोडून गेलेल्या कुणब्याचे नाव त्यात नाही. ते शोधण्यासाठी तहनाम्यांइतकेच गावचे महसुली दप्तर, देशमुख-देशपांडे घराण्यांची कागदपत्रे व मौखिक परंपरा यांकडे वळावे लागेल. मराठवाड्यातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना हे काम आपल्याच तालुक्यापासून सुरू करता येण्यासारखे आहे.