शेतीचं वाहन आणि रस्त्याचा कायदा

आजचा विषय ऐकून काहींना वाटेल, तत्त्वज्ञानाचा माणूस ट्रॅक्टरच्या पासिंगवर काय बोलणार? पण हा विषय मुळात व्याख्येचा आहे. एखादी वस्तू काय आहे हे तिच्या बांधणीवरून ठरवायचं की तिच्या हेतूवरून, हा जुना प्रश्न आपल्या मोटार कायद्यात येऊन बसलेला आहे. त्याच्या उत्तरावर माणसांचे जीव अवलंबून आहेत.

सुरुवात १९३९ च्या मोटार वाहन कायद्यापासून करू. त्या कायद्यानं ‘परिवहन वाहन’ असा एक वर्ग केला. या वर्गातल्या वाहनाकडे योग्यता प्रमाणपत्र, म्हणजे आपण ज्याला पासिंग म्हणतो ते, नसेल तर त्याची नोंदणी वैध धरली जात नसे. ट्रॅक्टरही या वर्गात होता, पण एक अपवाद करून. केवळ शेतीच्या कामासाठी वापरला जाणारा ट्रॅक्टर वगळलेला होता.

तेव्हा हा अपवाद गैर नव्हता. १९५१ साली सबंध देशात साडेआठ हजारांच्या आसपास ट्रॅक्टर होते. आयशरनं फरिदाबादला देशी बनावटीचा ट्रॅक्टर काढला तो १९५९ मध्ये. ट्रॅक्टर रानात नांगरट करायचा आणि माल बहुतेक बैलगाडीनं बाजारात जायचा. जे यंत्र रस्त्यावर फारसं येतच नाही, त्याला रस्त्याची तपासणी कशाला? कायदा करणाऱ्यांचा विचार सरळ होता.

पुढे १९८८ चा नवा कायदा आला, १९८९ चे केंद्रीय नियम आले. या नियमांत शेतीच्या ट्रॅक्टरची व्याख्या आहे. शेतातल्या कामांची अवजारं चालवणारं, शेतमाल नेणारी ट्रॉली ओढणारं वाहन, अशा अर्थाची. आणि तिथेच म्हटलंय की हे परिवहन वाहन नव्हे. आता बघा, ट्रॉली ओढणं व्याख्येतच आलं, तरी ट्रॅक्टरच्या हेडला ठरावीक मुदतीचं पासिंग नाही. मोटारसायकलीसारखी पंधरा वर्षांची नोंदणी. ट्रकला मात्र पहिली दोन वर्षं सरली की पुन्हा पुन्हा आरटीओपुढे उभं राहावं लागतं.

मग ट्रॅक्टर-ट्रॉलीत शेतीबाहेरचा माल भरला तर? कर्नाटकातल्या एका प्रकरणात २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की माल वाहणारी ट्रॅक्टर-ट्रॉलीची जोडी हे मालवाहू वाहनच आहे, तिला परवाना लागतो. म्हणजे यंत्र तेच. सकाळी शेणखत नेलं तर एक वर्ग, दुपारी विटा नेल्या तर दुसरा. ब्रेकला यातलं काही कळत नाही. त्याला फक्त वजन आणि वेग कळतो.

आज देशात वर्षाला लाखो नवे ट्रॅक्टर विकले जातात. ऊसाच्या हंगामात कोल्हापूर-सांगलीकडे रात्री रस्त्यावर जाऊन बघा. एका हेडमागे दोन-दोन ट्रॉल्या, आणि बाहेर आलेल्या ऊसाखाली मागचा दिवा झाकलेला. ‘शेतीचं काम’ आता बांधावर थांबत नाही.

ट्रॉलीत माणसंही असतात. ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यात हळदीच्या कामाला मजूर नेणारा ट्रॅक्टर ट्रॉलीसकट विहिरीत पडला. सात महिला गेल्या. पासिंगचा कागद असता तर त्या वाचल्या असत्या, असं मी म्हणणार नाही. ट्रॉली माणसं बसवण्यासाठी नाहीच. पण तपासणीची सूट मिळते ती ट्रॅक्टरच्या मालकाला, आणि धोका पत्करतो तो मजूर, किंवा समोरून येणारा दुचाकीस्वार. सूट एकाची आणि धोका दुसऱ्याचा, इथे न्यायाचा प्रश्न सुरू होतो.

युरोपीय संघानं २०१४ मध्ये वेगळी वाट धरली. ताशी ४० किलोमीटरहून अधिक वेगासाठी बनलेले आणि मुख्यतः सार्वजनिक रस्त्यांवर चालणारे चाकांचे ट्रॅक्टर तपासणीखाली आणले. मे २०१८ पासून ते लागू झालं. तिथेही रानात राबणारा ट्रॅक्टर सुटलाच. म्हणजे ‘तू शेतकरी आहेस का’ याऐवजी ‘हे यंत्र रस्त्यावर किती आणि कसं चालतं’ असा प्रश्न विचारला गेला.

यावर एक आक्षेप आहे, आणि तो खरा आहे. दोन एकरवाल्यानं सुगीच्या दिवसांत पन्नास किलोमीटरवरच्या आरटीओत जायचं, फी भरायची, दलाल गाठायचा? मुळीच नाही. पण तपासणी म्हणजे त्याला तालुक्याबाहेर पळवणं असं थोडंच आहे? गाळप सुरू होण्याआधी निरीक्षकानं कारखान्याच्या आवारात यावं आणि ब्रेक, हूक, टायर, मागचा दिवा आणि रिफ्लेक्टर एवढंच बघावं. जो ट्रॅक्टर शेताबाहेर जात नाही, त्याची सूट राहू द्या.

१९३९ च्या अपवादामागे ट्रॅक्टर कुठे चालतो याचं एक चित्र होतं. ते चित्र बदललं, सूट तशीच राहिली. ती काढून टाका असं माझं म्हणणं नाही; पण ती कोणत्या ट्रॅक्टरसाठी होती, एवढं तरी आपण पुन्हा विचारू या.

आता तुमचे प्रश्न घेऊ.