श्रेयनामावलीतील दोन रकाने : तितो गोब्बी यांचा रुपेरी प्रवास

कलावंताच्या नावापुढे लागणारी चित्रपटांची सूची ही इतिहासाच्या अभ्यासकाला सर्वांत सोयीची, आणि म्हणूनच सर्वांत फसवी सामग्री होय. तीत वर्ष असते, कृतीचे नाव असते, भूमिका असते. परंतु त्या भूमिकेचे मुख कोणाचे आणि कंठ कोणाचा, हे बहुधा नसते. ज्या काळात ती भूमिका उभी राहिली त्या काळाने तिच्याकडून काय मागितले, हे तर कधीच नसते. इटालियन गायकनट तितो गोब्बी (१९१३–१९८४) यांची सूची पाहिली म्हणजे तिचे दोन रकाने पडलेले दिसतात : एकीकडे चित्रित व ध्वनिमुद्रित संगीतिका, दुसरीकडे युद्धाच्या पार्श्वभूमीवरील कथापट. हे दोन रकाने एकत्र वाचल्याखेरीज त्यांतला कोणताच नीट उलगडत नाही, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

बास्सानो देल ग्राप्पा येथे जन्मलेल्या गोब्बी यांनी पादुआ येथे कायद्याचे शिक्षण घेतले आणि १९३५ मध्ये संगीतिकेच्या रंगमंचावर पदार्पण केले. त्यांचा आवाज बॅरिटोन, म्हणजे पुरुषी आवाजांतील मधल्या पट्टीचा. इटालियन संगीतिकेत प्रियकराचे गाणे सहसा वरच्या पट्टीच्या टेनरकडे जाते. बॅरिटोनच्या वाट्याला बाप, प्रतिस्पर्धी, विदूषक आणि खलपुरुष येतात. रुपेरी पडद्यावर ते प्रथम आले ते १९३७ च्या ‘कोंदोत्तिएरी’ या चित्रपटातील एका छोट्या भूमिकेत. मुसोलिनीच्या राजवटीला रुचेल असा तो भाडोत्री सेनानायकांचा शौर्यपट होता. पुढे युद्ध ऐन भरात असताना, नोव्हेंबर १९४२ मध्ये, रोममध्ये आल्बान बर्ग यांच्या ‘व्होत्सेक’चा इटलीतील पहिला प्रयोग झाला. तुल्लियो सेराफिन यांच्या संचालनाखाली गोब्बी यांनी नायकाची, लष्करी व्यवस्थेखाली चिरडल्या जाणाऱ्या एका गरीब शिपायाची, भूमिका केली. नाझी जर्मनीने बहिष्कृत केलेली ही कृती तिच्या मित्रराष्ट्राच्या राजधानीत गायिली गेली, ही घटना त्या राजवटीच्या सांस्कृतिक धोरणातील विसंगतीवर पुरेसा प्रकाश टाकते.

सप्टेंबर १९४३ ते जून १९४४ या काळात रोम जर्मन सैन्याच्या ताब्यात होते. त्या महिन्यांची स्मृती ताजी असतानाच १९४६ मध्ये ‘अवान्ती आ लुई त्रेमाव्हा तुत्ता रोमा’, म्हणजे ‘त्याच्यापुढे सारे रोम थरथरत असे’, हा चित्रपट आला. हे शीर्षक पुच्चीनी यांच्या ‘तोस्का’तून घेतलेले आहे, पोलीसप्रमुख स्कार्पियाचा वध केल्यानंतर नायिका ते उद्गार काढते. ‘तोस्का’चे कथानक १८०० सालच्या जूनमधील रोममध्ये घडते, चित्रपटाने ते जर्मन अंमलाखालील रोमवर बसविले. संगीतिकेतील कलावंत प्रतिकार-चळवळीला साहाय्य करतात आणि रंगमंचावरील मत्सर, पाळत व छळ पडद्यामागच्या वास्तवात उतरतात. नायिका आन्ना मान्यानी. तिचे गायन मात्र एलिसाबेत्ता बार्बातो यांचे. स्कार्पिया आला तो गोब्बी यांच्या कंठातून.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. या चित्रपटाचे दिग्दर्शक कार्मिने गाल्लोने यांनीच १९३७ मध्ये ‘शिपिओने लाफ्रिकानो’ हा साम्राज्यगौरवाचा भव्य चित्रपट काढला होता. ज्या हाताने राजवटीची आरती ओवाळली, त्याच हाताने नऊ वर्षांनी प्रतिकाराची गाथा रचली. संगीतिका ही या स्थित्यंतरातील सोयीची वाट ठरली. कारण ‘तोस्का’ १९०० सालापासून सर्वांची होती आणि तिच्यातील जुलमी अधिकाऱ्याला कोणत्याही काळाचा पोशाख चढविता येत होता. प्रतिकाराचे स्मरण खरे होते. त्या स्मरणाच्या आडोशाला अनेकांना मागचा काळ विसरता आला, हेही तितकेच खरे. सूचीतील एका ओळीत हे दोन्ही सामावलेले असते.

१९४९ च्या ‘द ग्लास माउंटन’ या ब्रिटिश चित्रपटात हाच धागा वेगळ्या रीतीने पुढे येतो. इटलीच्या डोलोमाइट पर्वतात विमान कोसळलेला एक ब्रिटिश वैमानिक मुळात संगीतकार आहे. तेथील एका दंतकथेवर तो संगीतिका रचतो. संगीत नीनो रोता यांचे. गोब्बी येथे स्वतःच्याच नावाने वावरतात. काही वर्षांपूर्वी परस्परांवर शस्त्र धरलेली दोन राष्ट्रे येथे गाण्याच्या आधाराने एकमेकांना भेटतात. समेट सुखद आहे. युद्धाची कारणे मात्र धुक्यात राहतात.

मुख आणि कंठ यांची फारकत पार्श्वगायनाला सरावलेल्या भारतीय वाचकाला नवी नाही. १९४८ च्या ‘पाल्याच्ची’ या संगीतिकापटात नेद्दा झालेल्या जीना लोलोब्रिजिदा यांच्यासाठी ओनेलिया फिनेस्की गायिल्या. त्याच चित्रपटात गोब्बी यांनी तोनिओ आणि सिल्व्हिओ, म्हणजे झिडकारलेला आणि स्वीकारलेला, असे दोन्ही पुरुष साकारले. स्वतः गाणारा नट म्हणून त्यांचे महत्त्व अशा ठिकाणी जाणवते.

पुढील काळात गोब्बी मुख्यतः स्कार्पिया म्हणूनच स्मरणात राहिले. १९५३ च्या ध्वनिमुद्रणात, १९५८ मध्ये पॅरिसला आणि ९ फेब्रुवारी १९६४ रोजी लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये मारिया कॅलास यांच्यासमोर ते या भूमिकेत उभे राहिले. शेवटच्या दोन्ही प्रसंगी दुसरा अंक चित्रित झाला. त्या चित्रणातील स्कार्पिया आरडाओरडा करीत नाही. तो सभ्य आहे, नीटनेटका आहे, मेजावर बसून शांतपणे जेवतो आणि शेजारच्या खोलीत छळ चालू असतो. अशा अधिकाऱ्यांचा अंमल युरोपातील त्या पिढीने प्रत्यक्ष भोगला होता. हा स्कार्पिया १९४६ च्या चित्रपटाशेजारी ठेवून पाहिला म्हणजे संगीतिकेच्या रकान्यात नोंदलेली ही भूमिका युद्धाच्या रकान्यातही तितकीच हक्काने बसते, हे ध्यानात येते.