हार्डवेअर-अवलंबन (एम्बेडेड पॅकेजिंग)

एम्बेडेड यंत्रासाठी पॅकेज बांधताना ते कोणत्या प्रोसेसरवर, कोणत्या बोर्डवर आणि कोणत्या कर्नेलसोबत चालेल हे ठरवून त्याची नोंद पॅकेजातच करण्याची पद्धत. कोणती लायब्ररी लागते हे बांधणीची साधने बहुतेक वेळा स्वतःच शोधून काढतात. कोणती चिप लागते हे मात्र माणसालाच सांगावे लागते.

रास्पबेरी पायचे उदाहरण बोलके आहे. २०१२ मध्ये आलेल्या पहिल्या पायचा प्रोसेसर एआरएमव्ही६ जातीचा होता. डेबियन या लिनक्स वितरणाची 'आर्मएचएफ' पॅकेजे किमान एआरएमव्ही७ धरून बांधलेली, तर जुनी 'आर्मेल' पॅकेजे चालत, पण चिपमधले दशांश-गणिताचे एकक वापरत नसत. म्हणून माइक थॉम्पसन आणि पीटर ग्रीन यांनी हजारो पॅकेजे एआरएमव्ही६ साठी नव्याने बांधली, तेच रास्पबियन. गोम अशी, की त्यांवरही 'आर्मएचएफ' हेच लेबल राहिले. परिणामी डेबियनचे पॅकेज पहिल्या पायवर बिनतक्रार बसते आणि चालवायला गेले की 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' म्हणत कोसळते. पॅकेजे बसवणारा डीपीकेजी लेबल वाचतो, चिप पाहत नाही.

योक्टो या एम्बेडेड लिनक्स बांधण्याच्या साधनसंचात पॅकेजांचे तीन थर असतात: कुठेही चालणारी (फॉन्ट, स्क्रिप्ट), प्रोसेसरच्या जातीपुरती आणि एकाच बोर्डची. कर्नेल व बूटलोडर तिसऱ्या थरात येतात. नवशिके भीतीपोटी सगळेच तिथे ढकलतात; मग दहा बोर्ड असले की तेच पॅकेज दहादा बांधत बसावे लागते.

कर्नेल मॉड्यूलांच्या बाबतीत ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरांसाठीचे लिनक्स वितरण फार काटेकोर आहे. तिथले मॉड्यूल कर्नेलच्या आवृत्तीशीच नव्हे, तर त्याच्या जुळणीच्या हॅशशीही बांधलेले असते. स्वतः वेगळ्या जुळणीने बांधलेल्या कर्नेलवर अधिकृत मॉड्यूल बसत नाही. कटकट खरी, पण भलतेच मॉड्यूल चढून राउटर बंद पडण्यापेक्षा परवडली.

बोर्डांमधला फरक कर्नेलबाहेर काढण्याचे काम डिव्हाइस ट्री करते. कोणते उपकरण कोणत्या पत्त्यावर आहे, हे तिच्यात लिहिलेले असते. कल्पना ओपन फर्मवेअर या फर्मवेअर-मानकाची. एआरएम लिनक्सने ती २०११ च्या सुमारास मनावर घेतली. त्याआधी कर्नेलमध्ये जवळजवळ प्रत्येक बोर्डाची वेगळी सी फाइल असे. आता एकच कर्नेल-पॅकेज अनेक बोर्डांना पुरते, बदलते ती ट्रीची फाइल. वायफाय चिपला लागणारे बंदिस्त फर्मवेअर मात्र तरीही वेगळे पुरवावे लागते. डेबियनने १२ व्या आवृत्तीपासून (२०२३) त्यासाठी 'नॉन-फ्री-फर्मवेअर' हा स्वतंत्र विभागच केला.