टूरिंग मोटारसायकलवरील उपग्रह रेडिओ व गॅरेज-दार रिमोट

उपग्रह रेडिओचा संग्राहक आणि गॅरेजचे दार उघडणारा रिमोट ही उत्तर अमेरिकेतील लांब पल्ल्याच्या, म्हणजेच टूरिंग, मोटारसायकलींवर मागाहून बसवली जाणारी पूरक उपकरणे आहेत. दोन्ही मूलतः चारचाकी मोटारींसाठी तयार झाली. मोटारीत ती कोरड्या, काचबंद आणि कुलूप लावता येणाऱ्या जागेत राहतात. मोटारसायकलवर असे संरक्षण नसते. त्यामुळे पाऊस, कंपने व अँटेनासाठी योग्य जागा या तांत्रिक अडचणींबरोबरच, रिमोटच्या बाबतीत, चालकाच्या घराच्या सुरक्षिततेचा प्रश्नही निर्माण होतो.

पार्श्वभूमी

हार्ले-डेव्हिडसनने १९६५ साली इलेक्ट्रा ग्लाइड या मोटारसायकलीत विद्युत स्टार्टर व १२ व्होल्टची विद्युतप्रणाली दिली. होंडाची गोल्ड विंग १९७४ मध्ये कोलोन येथील प्रदर्शनात प्रथम मांडण्यात आली. तिच्या १९८० सालच्या जीएल११०० इंटरस्टेट या आवृत्तीत वारा अडवणारे पुढचे आवरण, म्हणजे फेअरिंग, आणि सामानाच्या पेट्या कारखान्यातूनच बसवून मिळू लागल्या. स्टिरिओ ऐच्छिक होता. मोटारीतील सोयी दुचाकीवर मागण्याची प्रथा येथून दृढ झाली. गोल्ड विंगवर उपग्रह रेडिओचा पर्याय २००९ च्या आवृत्तीत आला. त्याआधीच्या गाड्यांच्या मालकांना सुटा संग्राहक स्वतः जोडण्यावाचून मार्ग नव्हता.

उपग्रह रेडिओ

अमेरिकेच्या संघराज्य दळणवळण आयोगाने १९९७ मध्ये या सेवेसाठी दोन कंपन्यांना परवाने दिले. एक्सएमची सेवा २००१ मध्ये व सिरियसची २००२ मध्ये सुरू झाली. जुलै २००८ मध्ये दोन्ही कंपन्या एकत्र येऊन सिरियस एक्सएम ही कंपनी झाली. प्रक्षेपण २३२० ते २३४५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात होते.

दोन्ही कंपन्यांच्या मूळ उपग्रहरचनेतील फरक चालकाला रस्त्यावर जाणवणारा होता. एक्सएमचे उपग्रह विषुववृत्तावर भूस्थिर होते, त्यामुळे उत्तरेकडील प्रदेशात ते क्षितिजाजवळ दिसत व डोंगराआड जाऊ शकत. सिरियसचे तीन उपग्रह अतिलंबवर्तुळाकार कक्षांत फिरत आणि आळीपाळीने उत्तर अमेरिकेवर आकाशात उंच असत. उंच इमारतींच्या शहरांत जमिनीवरील पुनःप्रक्षेपक ही उणीव भरून काढतात. संग्राहक काही सेकंदांचे ध्वनिमुद्रण साठवून ठेवतो, म्हणून छोट्या पुलाखालून जाताना आवाज तुटत नाही. लांब बोगद्यात मात्र तुटतो.

अँटेना चपटी व लहान असून तिला वरचे आकाश मोकळे लागते. मोटारीच्या पोलादी छतावर ती चुंबकाने चिकटते आणि तोच पत्रा तिला आवश्यक असलेला धातूचा तळही पुरवतो. टूरिंग मोटारसायकलीची आवरणे प्लॅस्टिकची असल्याने चुंबक धरत नाही. यावर सर्वसाधारण उपाय म्हणजे मागच्या पेटीच्या झाकणावर किंवा फेअरिंगवर लहान पोलादी पट्टी चिकटवून तीवर अँटेना बसवणे. प्लॅस्टिकमधून रेडिओलहरी जातात, त्यामुळे आवरणाच्या आतही ती लपवता येते. धातूच्या अथवा कार्बन फायबरच्या भागाखाली मात्र ती निरुपयोगी ठरते. चालकाच्या शरीराची आड येते ती जागाही टाळली जाते.

आवाज गाडीच्या ध्वनियंत्रणेपर्यंत नेण्याचा सर्वोत्तम मार्ग पूरक तारेचा. अशी खाच नसल्यास छोटा एफएम प्रक्षेपक वापरून गाडीच्या रेडिओवर आवाज घेतला जाई, परंतु शहरागणिक मोकळी फ्रिक्वेन्सी शोधावी लागे. शिवाय काही संग्राहकांतील प्रक्षेपक अनुज्ञेय मर्यादेपेक्षा प्रबळ असल्याचे २००६ मध्ये आयोगाच्या निदर्शनास आले व त्यांची विक्री थांबवावी लागली. इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शिटीसारखी घरघर हा तारजोडणीतील नेहमीचा दोष होय. संग्राहक व ध्वनिवर्धक यांचे अर्थिंग वेगवेगळ्या ठिकाणी असल्यास तो उद्भवतो, आणि दोन्ही एकाच बिंदूला जोडल्यास बहुधा नाहीसा होतो.

गॅरेज-दार रिमोट

हातमोजे घातलेल्या चालकाला उतारावर जड गाडी सावरत खिशातील रिमोट काढणे अवघड जाते. म्हणून रिमोटमधील मंडलफलक फेअरिंगच्या आत ठेवून त्याच्या बटणाच्या दोन तारा हँडलवरील जलरोधक बटणापर्यंत आणतात. दुसऱ्या पद्धतीत प्रेषक हेडलाइटच्या प्रखर झोताच्या तारेला जोडलेला असतो आणि झोत दोनदा लुकलुकवल्यावर दार उघडते. हँडलवर काहीही दिसत नाही, हा तिचा मोठा गुण.

अमेरिकेतील असे रिमोट प्रामुख्याने ३०० ते ३९० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालतात. जुन्या प्रकारात लहान खटक्यांनी ठरवलेला एकच कायम संकेत असतो. बारा खटक्यांचे केवळ ४०९६ संकेत होतात. सुरक्षातज्ज्ञ सॅमी कामकर यांनी २०१५ मध्ये एका खेळण्यात बदल करून अशी दारे दहा सेकंदांच्या आत उघडता येतात, हे दाखवले. १९९० च्या दशकात आलेल्या बदलत्या संकेताच्या प्रकारात प्रत्येक दाबाला नवा संकेत जातो. या प्रकारात महामार्गावर कारण नसताना बटण वारंवार दाबले गेल्यास रिमोटची गणना दारातील संग्राहकाच्या पुढे निघून जाते, आणि घरी आल्यावर दोघांचा मेळ पुन्हा घालावा लागतो.

संकेत कितीही भक्कम असला, तरी वाहनतळावर उभ्या गाडीवरचे बटण कोणीही दाबू शकतो. बटण दाबून दार दूरवर असल्याने काही घडत नाही. पण चोराने गाडी किंवा रिमोट नेला आणि पेटीतील नोंदणीच्या कागदांवर घराचा पत्ता असला, तर पत्ता व किल्ली त्याला एकत्रच मिळतात. अमेरिकेतील अनेक गॅरेजमधून थेट घरात दार असते. त्यामुळे रिमोटमधील सेल काढून त्याला इग्निशन चालू असतानाच वीज मिळेल अशी जोडणी करणे आवश्यक मानले जाते. गाडी किंवा रिमोट चोरीस गेल्यास दारातील संग्राहकाच्या स्मृतीतून सर्व रिमोट पुसून उरलेले नव्याने नोंदवतात.

ही जोडणी करताना व्होल्टेजकडे दुर्लक्ष होते. बहुतेक रिमोट ३ व्होल्टच्या नाणेसेलवर चालतात, तर चालू गाडीत १४ व्होल्टच्या आसपास दाब असतो. १२ व्होल्टच्या छोट्या सेलवर चालणाऱ्या रिमोटलाही तो अधिकच होतो. मध्ये व्होल्टेज नियामक आणि बॅटरीजवळ छोटा फ्यूज लागतो.

भारतातील स्थिती

सिरियस एक्सएमचे प्रक्षेपण भारतात पोहोचत नाही. येथे वर्ल्डस्पेस या कंपनीची उपग्रह रेडिओ सेवा उपलब्ध होती, परंतु ती मुख्यतः एका जागी ठेवलेल्या संचांसाठी होती. कंपनीने २००८ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला व भारतातील सेवा ३१ डिसेंबर २००९ रोजी बंद झाली.