चकचकीत डायलला भुलू नका! एचएमटीची गोष्ट

आजच्या भागाला निमित्त आहे संगमनेरच्या एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज. "दादा, मोबाइलवर एक जुनं एचएमटी पायलट बघितलंय. डायल केशरी, एकदम नव्यासारखी. आजोबांचं जनता कपाटात पडून आहे, पार पिवळं पडलंय. ते देऊन हे घेऊ का?"

थांब मित्रा. आधी थोडा इतिहास ऐक.

स्वातंत्र्यानंतरची काही वर्षं मनगटी घड्याळ म्हणजे परदेशी माल. फेवर-लुबा, वेस्ट एंड अशी स्विस घड्याळं मुंबईत मिळायची, पण ती सगळ्यांना कुठली परवडायला? १९६१ मध्ये सरकारी एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगळूरला घड्याळं बनवायला सुरुवात केली. जनता, पायलट, सोना, कोहिनूर... नोकरी लागली की एचएमटी, लग्न ठरलं की एचएमटी. सकाळी उठून चावी द्यायची, मग दिवस सुरू!

पुढे सेलवर चालणारी क्वार्ट्झ घड्याळं आली, टायटन आलं आणि एचएमटी मागे पडली. २०१६ मध्ये सरकारने ही घड्याळ कंपनी बंद करायचं ठरवलं. आणि गंमत बघा, बंद पडल्यावर लोकांना तिची जास्तच आठवण यायला लागली.

आता कारखानाच बंद, तर 'नव्यासारखा' माल येतो कुठून? मोडक्या घड्याळांतून. मशीन एकाचं, केस दुसऱ्याची आणि वर नव्याने रंगवलेली डायल. जगभरचे संग्राहक अशा घड्याळाला 'मुंबई स्पेशल' म्हणतात. हे कौतुक नाही बरं का!

मग ओळखायचं कसं? कॅमेरा झूम करून डायलवरची अक्षरं बघा. कारखान्यातली छपाई रेखीव असते, हाताबाहेरच्या रंगकामात अक्षरं पसरतात, आकडे वाकडे बसतात. पायलटची ओळख काळी डायल. केशरी दिसली की शंका घ्या. विक्रेत्याकडे मागचं झाकण उघडलेला फोटो मागा. मशीनवर एचएमटीचं नाव हवं, गंज नको. केसच्या कडा गुळगुळीत झाल्या असतील, तर ती खूपदा पॉलिश झाली असं समजा. शेवटी टिकटिक. या मशीनचे सेकंदाला ५ ठोके पडतात आणि ते ऐकून वेग मोजणारी ॲप तुमच्याच मोबाइलवर मिळतात. घड्याळ दिवसाला काही मिनिटं पुढे-मागे जात असेल, तर सर्व्हिसिंगचा खर्च किंमतीतून वजा करून बोला.

आता तुझ्या आजोबांचं जनता. डायल पिवळी, पण मूळची. काटे मूळचे, मशीन मूळचं, आणि ते कुणाच्या मनगटावर होतं हे तुला पक्कं ठाऊक आहे. संग्राहक पैसे मोजतो ते याच मूळपणाचे. म्हणून ते देऊ नकोस. चांगल्या कारागिराकडून साफ करून तेलपाणी करून घे. फक्त एक सांगून ठेव: "काका, डायलला हात लावू नका."

आणि चालू झालं की टिकटिक रेकॉर्ड करून आम्हाला पाठव. पुढच्या भागात सगळे मिळून ऐकू!