चाकाची खुर्ची कुणी बनवली?



आज मी तुम्हाला एका खुर्चीचा इतिहास सांगणार आहे. पण सुरुवात माझ्या आत्याच्या घरापासून करते.

आत्याचे दोन्ही पाय लहानपणी पोलिओने गेले. सगळा जन्म तिनं हातांवर रेटत, जमिनीवरून सरकत काढला. काही वर्षांपूर्वी तालुक्याला शिबीर झालं. तिथं तिला चाकाची खुर्ची मिळाली. हार घातला, फोटो काढला, टाळ्या झाल्या. खुर्ची घरी आली आणि उंबऱ्यावरच अडली. दार अरुंद, पुढे दोन पायऱ्या, अंगणात माती. महिनाभरात त्या खुर्चीवर ज्वारीचं पोतं बसलं. मी विचारलं, "आत्या, खुर्ची वापरत नाहीस?" ती हसून म्हणाली, "अगं, ती माझ्यापेक्षा जास्त बसूनच असते."

तेव्हापासून माझ्या डोक्यात प्रश्न होता. ही खुर्ची मुळात बनवली कुणी? आणि कुणाचा रस्ता डोळ्यांपुढे ठेवून बनवली? शोधायला गेले, तर फार मोठी गोष्ट हाती लागली.

जर्मनीत न्यूरेंबर्गजवळ आल्टडॉर्फ नावाचं गाव आहे. तिथं स्टेफान फार्फलर नावाचा घड्याळजी राहायचा. त्याला चालता येत नव्हतं. पण घड्याळाची दातेरी चाकं कशी एकमेकांना फिरवतात हे त्याला पक्कं ठाऊक होतं. 1655 साली, बाविसाव्या वर्षी, त्यानं स्वतःसाठी तीन चाकांची गाडी बनवली. हातानं दांडा फिरवला की दातेरी चाकं फिरायची आणि गाडी पुढे जायची. आपल्याकडे तालुक्याच्या बाजारात हातानं चालवायची तीनचाकी सायकल दिसते ना, तिची ही आजीच म्हणा. शिवाजी महाराज जावळी घेण्याच्या सुमाराची ही गोष्ट.

लक्षात घ्या, पहिली अशी गाडी कुण्या दयाळू माणसानं दान दिली नव्हती. ज्याला हवी होती त्यानंच ती केली.

पुढे मात्र गोष्ट उलटी फिरली. 1783 च्या सुमाराला इंग्लंडमधल्या बाथ या गावी जॉन डॉसन यांनी एक खुर्ची काढली. त्या गावात गरम पाण्याचे झरे होते, आजारी श्रीमंत लोक तिथं यायचे. या खुर्चीला दोन मोठी चाकं आणि पुढे एक लहान चाक होतं. बसणारा फक्त दिशा बदलू शकायचा, ओढायला किंवा ढकलायला नोकर लागायचा. पुढे बराच काळ अशाच जड खुर्च्यांचा जमाना राहिला. मागे कुणीतरी असेल तरच पुढे जायचं. घरात बसून राहणाऱ्या बाईला हे वेगळं समजवायला नको.

अमेरिकेत हर्बर्ट एव्हरेस्ट नावाचे खाण अभियंते होते. 1918 साली खाणीतल्या अपघातात त्यांची पाठ मोडली. त्यांची खुर्ची मोटारीत मावायची नाही. त्यांचे मित्र हॅरी जेनिंग्ज हेही अभियंते. दोघांनी मिळून 1933 साली लोखंडी नळ्यांची घडीची खुर्ची बनवली. बसायच्या जागेखाली नळ्यांची फुली, त्यामुळे खुर्ची मिटून आडवी ठेवता यायची. आज दवाखान्यात दिसणारी घडीची खुर्ची त्याच खुर्चीच्या घराण्यातली.

मग दुसरं महायुद्ध झालं. त्याआधी मणक्याला मार लागलेली माणसं फार जगत नसत. बसून बसून अंगाला जखमा होत, लघवीच्या वाटेत जंतू होत आणि त्यातच माणूस जाई. पेनिसिलीन आलं आणि असे जवान वाचू लागले. काहींचे तर हातही चालत नव्हते. त्यांच्यासाठी कॅनडातले संशोधक जॉर्ज क्लाइन आणि त्यांच्या साथीदारांनी विजेवर चालणारी खुर्ची तयार केली.

इथं कामाची गोष्ट सांगून ठेवते. खुर्चीत बसणाऱ्याला चांगली गादी हवीच. दर पंधरा-वीस मिनिटांनी अंग थोडं उचलायचं, एका बाजूला झुकायचं. आणि रोज आरशात किंवा घरच्यांकडून पाठ, कंबर, टाचा बघून घ्यायच्या. तांबूस डाग दिसला आणि दाब काढल्यावरही गेला नाही, की लगेच दवाखाना. जखम आधी आत वाढते, बाहेर उशिरा दिसते.

खुर्ची सुधारली, पण रस्ता? तो तसाच होता. अमेरिकेत बर्कली इथं एड रॉबर्ट्स नावाचा तरुण 1962 साली विद्यापीठात शिकायला आला. चौदाव्या वर्षी पोलिओ होऊन मानेखालचं अंग जवळजवळ लुळं पडलेलं, रात्री श्वासासाठी यंत्र लागायचं. त्याच्यासारखी आणखी मुलं जमली. त्यांनी नगरपालिकेला विचारलं, पदपथाच्या कडेला पायरी कशाला? उतार करा. चौकाचौकांत उतार झाले. आणि मग दिसलं, की बाळाची गाडी ढकलणारी आई, माल नेणारा हमाल, काठी टेकणारे आजोबा, सगळेच त्या उतारावरून जायला लागले. एकासाठी मागितलेली वाट साऱ्या गावाच्या उपयोगी पडली.

आता एका बाईची गोष्ट. कॅलिफोर्नियातल्या मॅरिलिन हॅमिल्टन यांना 1978 साली हवेत तरंगण्याच्या खेळात अपघात झाला. पाय गेले. मिळाली ती खुर्ची जड, बोजड. त्या आपल्या दोन मित्रांना म्हणाल्या, तुम्ही ज्या हलक्या नळ्यांनी उडायचे पंख बनवता, त्याच नळ्यांची माझी खुर्ची करा. ती झाली, जुनीच्या निम्म्या वजनाची. शिवाय त्यांनी तिला रंग दिले. दवाखान्यातल्या वस्तूला रंग कशाला, असं लोकांना वाटे. पण आपण साडी घेताना रंग बघतो की नाही? मग जी वस्तू जन्मभर अंगाला लागून राहणार, तिचा रंग बाईनं का निवडू नये?

राल्फ हॉचकिस यांची गोष्ट मला सगळ्यात जवळची वाटते. ते स्वतः खुर्ची वापरणारे अभियंते. 1980 साली ते निकाराग्वा या गरीब देशात गेले. तिथं चार तरुण मिळून एकच खुर्ची वापरत होते. बाहेरून आलेली खुर्ची खडबडीत रस्त्यावर मोडायची आणि सुटा भाग मिळायचा नाही. मग त्यांनी तिथल्या माणसांबरोबर बसून, तिथल्याच लोखंडाची, सायकलच्या दुकानात दुरुस्त होणारी खुर्ची बनवायला घेतली. पुढची चाकं रुंद, म्हणजे मातीत रुतत नाहीत. चाकांमधलं अंतर जास्त, म्हणजे खड्ड्यात पुढे उलटत नाही. आत्याच्या खुर्चीची पुढची चाकं बघा, बारीक आणि कडक. ती फरशीसाठी बनलेली आहे, अंगणासाठी नाही.

नव्या यंत्रांचीही गोष्ट ऐका. डिसेंबर 2001 मध्ये अमेरिकेत सेगवे नावाची दुचाकी आली. उभं राहायचं, किंचित पुढे झुकलं की ती चालायला लागते. ती धडधाकट लोकांसाठी काढलेली होती. पण उभं राहता येतं, लांब चालता येत नाही, अशा कितीतरी माणसांनी ती आपलीशी केली. कृत्रिम पाय लावलेले माजी सैनिकही त्यात होते. अशा नव्या गाड्यांना सार्वजनिक जागी येऊ द्यायचं की नाही, यावर अमेरिकेच्या सरकारला 2010 साली नियम करावे लागले. धोका नसेल तिथं येऊ द्या, असा त्यांचा रोख होता. सेगवे काढणारे डीन केमन यांनी जिने चढणारी खुर्चीही बनवली, आयबॉट. 2003 साली तिला परवानगी मिळाली. चमत्कारच, पण किंमत दहा लाख रुपयांच्या वर. घेणारे थोडे निघाले आणि काही वर्षांत ती बनवणं थांबलं. पुढे ती पुन्हा आली, पण धडा राहिलाच. यंत्र कितीही हुशार असो, परवडलं नाही तर ते नसल्यासारखंच.

आपल्या देशातही मोठं काम झालं. 1968 च्या सुमाराला जयपूरमध्ये कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉक्टर प्रमोद करण सेठी यांनी जयपूर फूट घडवला. तो लावून मांडी घालता येते, उकिडवं बसता येतं, अनवाणी शेतात जाता येतं. कारण बनवणाऱ्याला आपली बसण्याची रीत माहीत होती. 1972 साली कानपूरला अलिम्को हा सरकारी कारखाना उभा राहिला. खुर्च्या, कुबड्या, तीनचाकी सायकली तिथं बनतात. आता बॅटरीच्या तीनचाकीही मिळतात. मद्रास आयआयटीतून निओबोल्ट आलं. खुर्चीच्या पुढे मोटारीचं चाक जोडायचं की तिचीच तीनचाकी गाडी होते, बाजारापर्यंत जाता येतं. घरी आलं की चाक सोडायचं.

आणि कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक, सगळ्यांच्या नसीमा दीदी. सोळाव्या वर्षी पाय गेले. पुढे त्यांनी हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली, मुलामुलींना शिकवलं, कामाला लावलं. त्यांच्या आत्मचरित्राचं नावच 'चाकाची खुर्ची'. वाचनालयात मिळालं तर गटात वाचा.

2011 च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख अपंग व्यक्ती मोजल्या गेल्या. त्यातल्या 1 कोटी 86 लाख खेड्यात राहतात. म्हणजे शंभरातल्या एकोणसत्तर. 2016 च्या कायद्यानं सार्वजनिक इमारतीत विनाअडथळा जाणं हा त्यांचा हक्क ठरवला आहे. आपल्या राज्यात ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. ग्रामसभेत विचारा, यंदाचा कुठं खर्च झाला?

आमच्या गटानं विचारलं. आधी उत्तर आलं नाही, मग उतार आला. पण इतका उभा, की पहिल्याच दिवशी आत्याची खुर्ची मागे घसरली. दोघींनी धरली म्हणून वाचली. मग आम्ही हिशोब शिकलो. एक इंच उंचीला बारा इंच लांबी. एक फूट चढायचं तर बारा फूट उतार. दाराची रुंदी तीन फूट. वर वळायला सपाट जागा, कडेला धरायला कठडा. गवंड्याला आत्यानंच उभं करून सांगितलं, "बाबा, मी बसून बघते, तू तोवर सिमेंट ओतू नको."

घराच्या पायऱ्यांचा उतार गटाच्या बायकांनी श्रमदानानं केला. पुढची चाकं सायकलवाल्यानं रुंद बसवून दिली. ज्वारीचं पोतं कणगीजवळ गेलं. आता दर महिन्याच्या बैठकीला आत्या स्वतः येते आणि वहीवर सही करते. इतकी वर्षं तिचे पैसे दुसरी कुणी आणून भरत होती.

तुमच्या गावातही कुठल्या तरी घरात अशी एक खुर्ची पोतं घेऊन बसली असेल. या आठवड्यात तिथं जा. तिला काय हवंय हे तिच्या सुनेला विचारू नका, मुलाला विचारू नका. तिलाच विचारा. आणि जाताना मोजपट्टी घेऊन जा.