सूत्रधार कोण?

चेन्नईतल्या जुन्या घरांच्या मधल्या दालनात ऊंजल टांगलेला असतो. कोकणातल्या ओटीवरच्या झोपाळ्याचा तो सख्खा भाऊ. जाड फळी, चार साखळ्या आणि तुळईतले हूक. जागा हवी असली की काढून ठेवायचा, पुन्हा लावायचा. सुटे भाग घरी जोडून वापरायचं सामान या शहराला परकं नाही. मात्र ऊंजल टांगणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असे: फळी कितीही भक्कम असो, सगळा भार शेवटी तुळईवर आहे. सामान आणि घर मिळूनच ती वस्तू पुरी होते.

याच शहरातल्या सेंट जॉर्ज किल्ल्यात आर्थर वेलस्लीचं निवासस्थान होतं. १७९९ साली तो श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत होता आणि २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला, मराठ्यांशी लढला. एवढ्या लांबच्या कूचात अधिकाऱ्यांचं सामान बैलांच्या आणि उंटांच्या पाठीवरून चाले. त्या गरजेतून ब्रिटिश सुतारांनी एक वेगळीच कला वाढवली. खणांचं कपाट दोन भागांत सुटे, त्याचे पाय फिरवून काढता येत, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या असत. मुक्कामावर ते जोडायचं काम नोकरांचं. रोज उघडमीट होत असल्याने सांधा ढिला झाला तर तो त्यांच्या हाताला लगेच कळे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूरकीच्या नावाने ओळखली जाणारी खुर्ची आली. तिच्यात सरस नाही, खिळा नाही. दांड्यांची निमुळती टोकं पायांच्या भोकांत बसतात, कातडी पट्टे आणि कापड त्यांना ताणून धरतात. बसणाऱ्याच्या वजनानेच सांधे घट्ट होतात आणि उंचसखल जमिनीवरही चारही पाय टेकतात. डॅनिश रचनाकार कोरे क्लिंट याने १९३३ साली याच धर्तीवर आपली सफारी खुर्ची केली.

व्यापाराला हे गणित त्याआधीच उमगलं होतं. मायकेल थोनेटची १४ क्रमांकाची खुर्ची १८५९ सालची. वाफेवर वाकवलेल्या लाकडाचे सहा तुकडे आणि मोजके स्क्रू. अशा छत्तीस खुर्च्या सुट्या करून एक घनमीटरच्या खोक्यात मावत. मुंबईच्या इराणी हॉटेलांत ज्या वाकवलेल्या लाकडी खुर्च्यांवर बसून आपण बनमस्का खाल्ला, त्या याच घराण्यातल्या. जोडणी मात्र ग्राहकाच्या गळ्यात नव्हती.

ती पडली विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. स्वीडनच्या आयकियामधल्या गिलिस लुंडग्रेन याने १९५६ च्या सुमारास टेबल मोटारीत मावेना म्हणून त्याचे पाय काढले, अशी कथा कंपनी सांगते. सपाट खोकं, चित्रांची पुस्तिका आणि एक वाकडी चावी हा तिचा धंदाच झाला. भारतातलं तिचं पहिलं दालन ९ ऑगस्ट २०१८ रोजी हैदराबादला उघडलं.

स्वस्ताई आली तशी एक जबाबदारीही घरात आली. वरचे-खालचे सगळे खण एकदम ओढले, किंवा उघड्या खणांवर पाय देऊन मूल चढलं, की वजन पुढच्या पायांच्या बाहेर जातं आणि हलकं कपाट पालथं होतं. अशा अपघातांत अमेरिकेत मुलं दगावली. २०१६ मध्ये आयकियाने तिथली सुमारे दोन कोटी नव्वद लाख कपाटं परत मागवली आणि २०२२ मध्ये तिथे त्यासाठी कायदाही झाला. उपाय लहानसा आहे: खोक्यात येणारी पट्टी भिंतीत भोक पाडून पक्की करायची.

चेन्नईत नेमकी तीच पायरी गळण्याचा धोका आहे. भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडायला मालकाची परवानगी लागते. जोडायला आलेल्या माणसाला पुढचं घर गाठायचं असतं. शेवटची पट्टी पिशवीतच राहते आणि पिशवी कचऱ्यात जाते. त्यात समुद्राची दमट हवा. भुशाच्या दाबलेल्या फळ्या ओल शोषून फुगतात, त्यांच्यातली स्क्रूची पकड सुटते. डिसेंबर २०१५ च्या पुरासारखं पाणी घरात शिरलं, तर सागवानी पलंग वाळवून वापरता येतो; भुशाच्या फळीचं कपाट वाळलं तरी त्यावर भरवसा ठेवू नये. वरून धड दिसतं, म्हणूनच ते जास्त धोक्याचं.

सुतार हा शब्द सूत्रधारावरून आला. दोरी धरून ओळंबा पाहणारा, कुसू खाचेत बसवणारा आणि वस्तू उभी राहील याची हमी देणारा तो एकच माणूस होता. सपाट खोक्याने त्याची कामं वाटून टाकली: आखणी एका देशात, कापणी दुसऱ्या, जोडणी तिसऱ्याच्या हाती. हमी मात्र कुणाच्याच वाट्याला आली नाही. म्हणून जोडणारा निघून जाण्याआधी घरातल्या कुणीतरी दोनच गोष्टी पाहाव्यात: जड सामान खालच्या खणांत आहे ना, आणि पट्टी भिंतीत बसली आहे ना. घरमालकाशी वाद झाला तर होऊ द्यावा. त्या भोकाला मूठभर सिमेंट पुरतं.